एरंडेलाची रांग

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पहिला रविवार आमच्या वाईच्या घरात एरंडेलाचा असे. शनिवारी रात्रीच माई, म्हणजे आमची आजी, फडताळातली काळपट बाटली काढून माजघराच्या कोनाड्यात ठेवी. बाटली दिसली की आमच्यातल्या कुणाचं ना कुणाचं पोट दुखायला लागे. उपयोग नसे, पोट दुखतंय म्हटलं की अर्धा चमचा जास्त मिळे. सकाळी सहाला रांग. आत्यांची मुलं आलेली असत, त्यामुळे आम्ही अकरा. सगळ्यात पुढे दादा, सगळ्यात मागे बाळ्या. १९७२ च्या मे महिन्यात बाळ्या जेमतेम दीड वर्षाचा होता. त्याला एरंडेलसुद्धा बोंडल्याने मिळालं. सुंठ घातलेल्या कोऱ्या चहावर तरंगणारा तवंग, नाकावर माईची चिमूट, घोट उतरला की तळहातावर लिमलेटची गोळी. मग परसातले दोन संडास, तीन टमरेलं आणि बंद दारांवर पडणाऱ्या थापा. "आटप की!" "आत्ताच तर आलोय!" दुपारी सगळ्यांना मऊ भात, तूप, मेतकूट.

"पोट साफ असलं की माणसाला काही होत नाही," असं माई म्हणे. त्या रांगेत उभं असताना कुणाच्या पोटात काय लिहिलेलं होतं, हे कळायला आम्हाला पुढची एक्केचाळीस वर्षं लागली.

माईच्या या पोटवेडाला कारण होतं. आजोबा १९५६ साली गेले, ४७ व्या वर्षी. दादा तेव्हा वर्षाचा. आम्ही बाकीच्यांनी त्यांना फक्त तसबिरीत पाहिलं. आजाराचं नाव घरात पाठ होतं: आतड्याचा क्षय. वाईतून पसरणी घाट चढला की पाचगणी, आणि पाचगणीला क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. त्या काळात वाईच्या माणसाचं वजन उतरायला लागलं, संध्याकाळची कणकण यायला लागली आणि पोटात उजवीकडे गोळा हाताला लागला, तर डॉक्टर दुसरं काय म्हणणार? लहान आतडं जिथं मोठ्या आतड्याला मिळतं तो उजव्या कुशीतला कोपरा क्षयाची आवडती जागा आहेच. स्ट्रेप्टोमायसीनची इंजेक्शनं झाली. गुण आला नाही. माईने त्यानंतर पोटाशी जे वैर धरलं ते शेवटपर्यंत.

मधली आत्या गेली ती १९७२ च्या दुष्काळानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये. वय ४२. तिच्याबद्दल आम्हा मुलांना एवढंच सांगितलं की आत्याला "पिशवीचा आजार" झाला होता. पिशवीचा म्हणजे कसला, हे विचारलं तेव्हा मोठ्या काकूने मला तांदूळ निवडायला बसवलं. आत्याची दोन्ही मुलं, अरुदादा आणि नऊ वर्षांची बेबी, तेव्हापासून आमच्याच घरात राहिली. आजोळ म्हणून सुट्टीत यायची ती आता कायमची झाली, आणि एरंडेल त्यांना दिवाळीच्या आधीही मिळायला लागलं.

धाकटे काका एसटीत कंडक्टर. ड्यूटी बहुतेक वाई–महाबळेश्वर. रात्री ते तिकिटांची पत्र्याची पेटी सोप्यावर ठेवत आणि संपलेल्या गठ्ठ्यांच्या रंगीत बुडख्यांसाठी आमची मारामारी चाले. पंच हातात देत नसत. फारच हट्ट केला तर वहीच्या कागदाला एक भोक पाडून देत, आणि ते भोकाचं तिकीट घेऊन आम्ही माडीच्या जिन्यात एसटी-एसटी खेळत असू. पायरी म्हणजे सीट. बेबी नेहमी ड्रायव्हर. १९८५ च्या पावसाळ्यात काका तोच जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागले. चेहरा पांढुरका. पट्ट्याला एक भोक वाढलं, मग आणखी एक. "आता मीच पंच होतोय," म्हणाले. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं टॉनिक दिलं. माईने शेवग्याचा पाला, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू केले. रक्त कमी आहे हे सगळ्यांना दिसत होतं, ते जातंय कुठं हे कुणी विचारलं नाही. मोठ्या आतड्याच्या उजव्या टोकाला गाठ असली की रक्त थेंबाथेंबाने झिरपतं, बाहेर पडेपर्यंत मळात मिसळून जातं, आणि माणूस नुसता पांढरा पडत जातो. परळला टाटामध्ये पोट उघडलं तोपर्यंत आजार यकृतात गेला होता. घाटावर कृष्णामाईचा उत्सव चालू असताना काका गेले. ४४ वर्षांचे होते.

मोठ्या काकूची गोष्ट फार पुढची, २००३ ची. ती तेव्हा ७१ वर्षांची. तिचं रक्त लालभडक आणि दिसणारं होतं, म्हणूनच तर ते मूळव्याधीच्या नावावर आठ महिने खपलं. सुरणाची भाजी झाली, ताक झालं, इसबगोल झालं. गाठ गुदाशयात निघाली. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन, आणि पोटाच्या डाव्या बाजूला कायमची पिशवी. काकूने त्या पिशवीला खणाच्या कापडाचे अभ्रे शिवले, रोजचा वेगळा आणि सणाचा वेगळा, आणि सहा महिन्यांत ती कीर्तनाला जाऊन पुढच्या रांगेत बसायला लागली. पुढची तेरा वर्षं जगली. आमच्या घरात पिशवी या शब्दाची मात्र पंचाईत झाली. मंडईत निघालेला दादा "थैली द्या" म्हणायचा.

आता या आजारांवर घरात जे खटले चालले, त्यांचे निकाल सांगते. धाकट्या काकांना झालं ते बाहेरच्या खाण्याने. डेपोची कँटीन, महाबळेश्वरच्या स्टँडवरची मिसळ, दिवसाला दहा चहा. दुसरं काय होणार? काकूने आयुष्यात बाहेरचा घास खाल्ला नव्हता, चतुर्थ्या-एकादश्या सोडल्या नव्हत्या, तेव्हा तिचं नक्की माहेरचं, रक्तातलं. तिच्या माहेरी कुणाला होतं का, याच्या चौकशा आडून आडून बऱ्याच लांबपर्यंत गेल्या. मधल्या आत्याचा खटला उभाच राहिला नाही. ते बायकांचं. आणि आजोबांचा क्षय तर क्षयच होता.

आजोबांचा सोडला तर एकूण एक निकाल उलटा होता. मिसळीचं तर मला अजून वाईट वाटतं; मोड आलेल्या मटकीत चोथा भरपूर, त्या हिशेबाने काकांचं खाणं काकूच्या साबुदाण्यापेक्षा उजवंच म्हणायला हवं.

काका गेल्यावर माईने ठरवलं की घराला शाप आहे. १९८७ मध्ये माझ्या वडिलांनी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला. तीन दिवस आम्ही तिथं होतो. उपाध्यायांनी लाल कापडातली नामावळी सोडली आणि खणखणीत आवाजात आमचे पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, कोण कुठल्या साली येऊन गेलं ते वाचलं. अंगावर काटा आला, हे खरं. पण त्या पानांवर मधली आत्या नव्हती. घरात कपाटातला छापील कुलवृत्तांत आहे, त्यात नऊ पिढ्यांचे पुरुष आहेत, कुणी कुठली जमीन इनाम मिळवली तेही आहे. आजोबांच्या बहिणीबद्दल एवढंच: कन्या एक, सासर मेढे. नागबळीनंतर दोन वर्षांनी वडील झोपेतच हृदयविकाराने गेले, ५२ व्या वर्षी. शापाच्या यादीत माईने तेही घातलं.

२०१३ च्या श्रावणात बेबी पांढरी पडली.

ती ४७ वर्षांची होती, पुण्यात शाळेत शिकवत होती. तिच्या डॉक्टर बाईंनी लोहाच्या गोळ्या लिहिताना पेन थांबवलं आणि विचारलं, "तुमच्या आईंना काय झालं होतं?" बेबी म्हणाली, "पिशवीचं." "आणि आजोबांना?" "क्षय." "आणखी कुणी?" "मामा. धाकटा मामा." कोलोनोस्कोपी झाली, उजव्या बाजूला गाठ सापडली, ती वेळेत निघाली. निघालेल्या गाठीवर एक रंगचाचणी केली: पेशीत चार विशिष्ट प्रथिनं आहेत की नाहीत ते पाहण्याची. एमएलएच१ आणि पीएमएस२ जागेवर होती. एमएसएच२ आणि एमएसएच६ गायब. मग रक्तातून जनुक तपासलं आणि एमएसएच२ मधली चूक हाती लागली. आजाराचं नाव लिंच सिंड्रोम.

समुपदेशक बाईंनी तिला घरी पाठवलं ते गृहपाठ देऊन. तीन पिढ्यांचा तक्ता: पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आजारी माणूस काळा भरायचा, गेलेल्यावर तिरकी रेघ, आणि वयं. कुलवृत्तांत कपाटातच राहिला. त्या भाऊबिजेला आम्ही कालनिर्णयची जुनी पानं उलटी करून डिंकाने जोडली आणि थोरल्या आत्याच्या पायाशी बसलो. ती ८२ वर्षांची. तिला साल एकही सांगता येत नव्हतं, वय एकही चुकत नव्हतं.

"माझा बाप गेला तेव्हा तू कडेवर होतास," दादाला म्हणाली. "मधलीचं अंगावरून जाणं सुरू झालं ते सुकडीच्या, दुष्काळाच्या साली. बोलायची नाही. मला एकटीला बोलली."

"आणि आजोबांची बहीण? मेढ्याची?"

आत्या गप्प बसली. मग म्हणाली, "आमच्या आत्यालाही तसंच. कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गेली. पण ती साठीची होती. तिची धाकटी मात्र आधीच गेलेली, चाळिशीही बघितली नाही. पोटात गोळा होता म्हणत." आणि मग तिने मेढ्याच्या त्या घरातल्या चार मुली, त्यांची सासरं, कुणाला किती मुलं, कोण कशाने गेलं, हे दळण दळल्यासारखं सांगितलं. दादा चौकोन-वर्तुळं काढत होता. वाईतल्या छापखान्यात तीस वर्षं मुद्रितशोधक होता तो. विश्वकोशाच्या गावात या कामाला मान असे. त्याचा हात कधी थरथरलेला मी पाहिला नव्हता. आजोबांच्या चौकोनाशी तो थांबला, आणि निम्मा काळा करून बाजूला प्रश्नचिन्ह काढलं. क्षयाला दिलेलं ते प्रश्नचिन्ह आजही तिथंच आहे. आजोबांचं आता तपासायला काहीच उरलेलं नाही.

मोठी काकू समोरच आरामखुर्चीत होती. तिचंही वर्तुळ काळं भरायला हवं, असं ती स्वतःच म्हणाली. भरलं. तेव्हा पहिल्यांदा आम्हाला सगळ्यांना एकदम दिसलं: बाकीच्या काळ्या खुणा वरून खाली आलेल्या उभ्या रेघांना लटकलेल्या होत्या, काकूचं वर्तुळ मात्र आडव्या रेघेने जोडलेलं. लग्नाची रेघ. तिच्या वर कुणी काळं नाही, खाली कुणी नाही.

शंकेला जागा नको म्हणून काकूच्या २००३ च्या गाठीचा जपलेला तुकडाही रंगवून पाहिला. चारही प्रथिनं शाबूत. ही चाचणी एकटीने निकाल देत नाही, कारण उतारवयात काहींच्या गाठीत एमएलएच१ जनुक नुसतं वयाने मुकं होतं आणि वारशाचा भास होतो. पण काकूच्या बाबतीत तोही प्रश्न आला नाही. तिचा आजार सर्वसाधारण, तुरळकपणे कुणालाही होणारा. शंभरातल्या बहुतेकांना होतो तो हाच. ओळखीचं सदोष जनुक घेऊन आलेले त्यात पाचेक, लिंचवाले तीनेक. अधेमधे अशीही घरं असतात की दोघांतिघांना झालेलं आहे पण एक जनुक दाखवता येत नाही. थोडा वारसा, थोडी राहणी, थोडं नशीब. आणखी एक वारशाचा प्रकार आहे, त्यात किशोरवयातच आतड्यात शेकड्यांनी पॉलिप उगवतात. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात अशा घराण्यांची नोंदवही १९२४ पासून ठेवलेली आहे. तो आमचा नव्हे.

काकूचा आजार आणि आमचा, या दोन्हींतला फरक मला नीट समजावला तो दादाने, डॉक्टरांनी नाही. आमच्या वाड्याच्या मागच्या दाराला कडी होती आणि आतून अडसर. कडी मोडली तरी अडसर दार धरून ठेवी. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. काकू दोन्ही धड घेऊन जन्मली. तिच्या आतड्यातल्या कुठल्या तरी एका पेशीत आधी एक गेली, मग दुसरी. एपीसी नावाचा राखणदार आधी गळला, मग केरास या जनुकाचा वाढीचा खटका चालूच राहिला, मग टीपी५३ हा राखणदारही गेला, आणि चिमुकल्या पॉलिपची गाठ व्हायला दहाएक वर्षं लागली. वय हेच त्यातलं मोठं कारण. तंबाखू, दारू, सुटलेलं वजन, बैठं काम, चोथा नसलेलं खाणं, खारवलेलं-टिकवलेलं मांस, ही त्याला मदत करणारी मंडळी. काकूकडे यातलं वयाशिवाय फारसं काही नव्हतं. कधी कधी एवढंच कारण पुरतं, आणि हे माणसाला पटत नाही. धाकटे काका मात्र जन्मले तेच मोडकी कडी घेऊन, अंगातल्या प्रत्येक पेशीत. अडसर एकदा कुठेतरी सरकला की झालं. अमेरिकेतल्या आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या एका बालकर्करोगावरून हे दोन घावांचं गणित मांडलं, ते इथंही लागू पडतं.

आणि मोडलेली वस्तू कोणती, हे सांगताना दादाचे डोळे चमकले. पेशी दुभंगताना तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर पुन्हा उतरवला जातो. चुका होणारच. त्या पकडणारी प्रथिनं म्हणजे एमएसएच२ आणि तिची भावंडं. "मुद्रितशोधक रे!" दादा म्हणाला. "आमच्या घरात मुद्रितशोधकच रजेवर." या प्रथिनांच्या जोड्या असतात; एमएसएच२ नसेल तर एमएसएच६ एकटी टिकत नाही, म्हणून बेबीच्या रंगचाचणीत दोघी नव्हत्या. आणि सगळ्यात जास्त चुका होतात त्या एकच अक्षर पुन्हा पुन्हा येतं तिथं. दादाला हे समजावून सांगावं लागलं नाही. "ममममम असं बारा वेळा आलं की खिळे जुळवणारा एक गाळतो नाहीतर एक वाढवतो, आणि वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते." प्रयोगशाळेतही नेमकी अशीच ठिकाणं मोजतात. शोधकच नसल्यामुळे चुका भराभर साठतात, म्हणून लिंचवाल्यांत पॉलिपची गाठ व्हायला दहा वर्षं लागत नाहीत, एक ते तीन पुरतात. म्हणून आजार साठी-सत्तरीऐवजी चाळिशीत. बहुधा उजवीकडे. आणि म्हणून आतड्याबरोबर गर्भाशयही, अंडाशय, जठर, मूत्रनलिकाही. मधली आत्या आणि धाकटे काका एकाच आजाराने गेले. घराने त्यांना दोन वेगळ्या खोल्यांत ठेवलं होतं, एक सोप्यावर, एक माजघराच्या आत.

दादा मग वाचतच सुटला, आणि त्यातली एक गोष्ट त्याने आम्हाला दोनदा सांगितली. अमेरिकेत ॲन आर्बर इथं १८९५ साली ऑल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या रोगविज्ञानाच्या प्राध्यापकांना त्यांच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं की मी लवकर मरणार, आमच्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनेच जातात. ती गेलीही तशीच, गर्भाशयाच्या. प्राध्यापकांनी तिचं घराणं खणून काढून १९१३ मध्ये छापलं. पुढे निम्मं शतक ते पडून राहिलं. १९६६ मध्ये ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी अशी आणखी दोन घराणी मांडली, तरी लोक म्हणायचे एकाच घरात राहतात, एकच खातात, म्हणून होत असेल. म्हणजे तिकडेही मिसळीवरच खटला! एमएसएच२ हाती लागायला १९९३ साल उजाडलं, काका जाऊन सात वर्षं झाली होती. दादाचा राग वेगळाच होता. "ती बाई बोलली आणि समोरच्याने लिहून घेतलं. आपल्याकडे मधली आत्या थोरलीला बोलली. थोरलीला कुणी विचारलं का?"

आता तपासण्या. आधी आजारी माणसाची चूक सापडावी लागते; ती सापडली की बाकीच्यांच्या रक्तात तेवढीच एक जागा पाहायची. मुलगा असो की मुलगी, दोष आलेल्या आईबापाकडून प्रत्येकाला निम्मी शक्यता, नाणं उडवावं तशी. मोठे काका ८४ व्या वर्षी रक्त द्यायला गेले, धोतर नेसून. त्यांच्यात दोष नव्हता. त्या एका कागदाने दादा आणि त्याची दोन भावंडं सुटली. थोरल्या आत्यात नव्हता. तिची दोघं सुटली. राहिलो सहा. अरुदादा सुटला. बेबी तर होतीच. बाळ्यात आहे. माझ्या भावात आहे. माझ्यात नाही.

म्हणजे आमच्या वडिलांमध्ये होता. त्यांच्या हृदयाने आतड्याला वेळच दिला नाही. दोष असलेल्या सगळ्यांनाच कॅन्सर होतो असं नाही, एमएसएच२ वाल्यांपैकी आतड्याचा साधारण निम्म्यांना. पण त्यांचं काय झालं असतं हे आता तक्त्यात लिहिता येत नाही. माझा कागद आला तेव्हा भाऊ शेजारीच होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "लहानपणीही गोळी तुलाच आधी मिळायची." मी तीन दिवस त्याच्याशी नीट बोलू शकले नाही. अर्थात सुटले म्हणजे किती, तर शेजारणीइतकी. काकूला झालेला आजार मलाही होऊ शकतोच, वेळच्या वेळी तपासणी मलाही आहे, फक्त सालोसाल नाही.

छोटी, बाळ्याची बहीण, तिने रक्त द्यायला साफ नकार दिला. तिच्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती. कागद झाला की तो कुणाच्या तरी हाती लागतो, म्हणाली, आणि आमच्या घरच्या चौकशा ज्याने पाहिल्यात त्याला ही भीती खोटी म्हणता येणार नाही. मुलींची लग्नं झाली तरी तिने दिलं नाही. "मला माहीत करून घ्यायचं नाही. पण नळी घाला, दरवर्षी घाला." डॉक्टरांनी ते मान्य केलं. आम्हालाही हळूहळू पटलं.

तर असे चौघे: बेबी, भाऊ, बाळ्या आणि छोटी. वर्षातून एकदा कोलोनोस्कोपी. त्यात दिसलेला पॉलिप तिथल्या तिथे काढून टाकतात, गाठ होण्याआधीच. फिनलंडमध्ये अशा घराण्यांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवून, दर तीन वर्षांनी नळी घातली तरी आतड्याचा कॅन्सर निम्म्याहून कमी होतो, हे २००० साली दाखवलं गेलं. आता तर एक-दोन वर्षांनी घालतात. बेबीने गर्भाशय आणि अंडाशयही काढून टाकले. भाऊ आणि बाळ्या डॉक्टरांना विचारून ॲस्पिरिन घेतात. इंग्लंडमधले जॉन बर्न यांनी लिंचवाल्यांवर केलेल्या प्रयोगात ॲस्पिरिन घेणाऱ्यांना पुढे आतड्याचा कॅन्सर कमी झाला. बाळ्याच्या आतड्यात आतापर्यंत तीन पॉलिप सापडले. तो त्यांना एसटीचे थांबे म्हणतो.

हे चौघे दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्या कोथरूडच्या घरी येतात. आदल्या रात्री आतडं धुवून काढायचं औषध प्यायचं असतं: पावडर, दोन लिटर पाण्यात, लिंबाच्या वासाची, पण तोंडात गेली की चक्क बुळबुळीत. पहिल्या वर्षी बेबीने ग्लास नाकाशी नेला आणि ठेवून दिला. कुणी काही बोललं नाही. मग भावाने स्वतःचं नाक चिमटीत धरलं, माईसारखं, आणि आम्ही सगळे इतके हसलो की खालच्या मजल्यावरून बेल वाजली.

तेव्हापासून दादाही येतो, वाईहून, या वयात, एसटीने. त्याला नळी नाही, औषध नाही, काही कारण नाही. तो स्वयंपाकघरात उभा राहून ग्लास भरतो आणि वयाप्रमाणे नावं पुकारतो. दर ग्लासामागे तळहातावर लिमलेटची एक गोळी. लाल गोळी चालत नाही, आतड्यात रंग रक्तासारखा दिसतो. म्हणून तो वाईतूनच पिवळ्या तेवढ्या निवडून आणतो. परवाच्या वर्षी रांगेत एक माणूस वाढलं: बेबीचा मुलगा. त्याच्यात आहे. तो सगळ्यात शेवटी उभा राहिला, आणि मोबाइल खिशात ठेवून त्याने निमूट हात पुढे केला. दादा त्याला म्हणाला, "तुला बोंडल्याने देऊ का?" त्याला बोंडलं म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

माझ्या घरातही संडास दोनच आहेत. रात्री अकराच्या सुमाराला दोन्ही दारं बंद होती आणि बाहेर बाळ्या कळवळून भिंतीला टेकलेला.

"छोटे, आटप की!"

"आत्ताच तर आलेय!"